दुधाचा भाव आणि घरचे कष्ट

खेड्यांत दोनचार दुभतीं जनावरें बाळगून प्रपंच चालविणाऱ्या मंडळीपुढें एक प्रश्न वारंवार येतो. तो केवळ पैशाचा आहे असें समजून पुष्कळ जण त्याचा विचार करीत नाहींत; परंतु आमच्या मतें तो नीतीचा प्रश्न आहे. सरकीची पेंड महागली, कडबा महागला, गाडीभाडें वाढलें. अशा वेळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस रतिबानें घातलेल्या दुधाचा भाव वाढविणें योग्य आहे काय? घेणाऱ्यांत मजुरीवर पोट भरणारीं घरेंहि असतात. त्यांच्या लेकरांच्या तोंडचें दूध महाग करावें काय? आणि न करावें, तर आलेली तूट कोणीं सोसावी?

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, खर्चाची वाढ शेतकऱ्यानें आणिलेली नसते. २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यांत मुंबईंत डिझेलचा दर लिटरला शंभर रुपयांच्या वर गेला; त्यामुळें नांगरटीपासून वैरणीच्या गाडीपर्यंत सर्वच खर्च वाढला. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, आणि पालाशाचें खत आपल्या देशास बाहेरूनच आणावें लागत असल्यामुळें त्या लढाईची झळ आमच्या बांधापर्यंत पोहोंचली. कधीं कधीं असा भार पुष्कळांनीं मिळून उचलिला जातो. २०२१ च्या मे महिन्यांत डीएपी खताच्या गोणीमागें सरकारनें आपलें अनुदान ५०० रुपयांवरून १२०० रुपये केलें, म्हणून ती गोणी शेतकऱ्यास १२०० रुपयांसच मिळाली. परंतु ज्या पिकांस सरकार हमीभाव जाहीर करितें त्यांत दूध येत नाहीं. तेव्हां रतिबाच्या दुधाचा न्याय घरच्या माणसांनींच करावयाचा आहे.

उदाहरणादाखल असें समजा कीं, एका घरीं दोन म्हशींचें मिळून रोज दहा लिटर दूध निघतें, आणि तें ५० रुपये भावानें गांवांत जातें. आवक ५०० रुपये झाली. पेंड, भुसा, कडबा व औषधपाणी ह्यांस पूर्वीं ३२० रुपये लागत. मागें १८० रुपये राहत. पुढें हा खर्च चौथाईनें वाढून ४०० रुपयांवर गेला. आतां मागें १०० रुपयेच राहतात. रोजची तूट ८० रुपयांची, म्हणजे लिटरमागें आठ रुपयांची.

येथें पहिला मोह उत्पन्न होतो. “खर्च चौथाईनें वाढला, म्हणून भावहि चौथाईनें वाढवूं,” असें कोणी म्हणतो, आणि साडेबासष्ट रुपये मागतो. ऐकणाऱ्यास हें न्यायाचें वाटतें, पण तें तसें नाहीं. आठ रुपयांनीं जी तूट भरून निघते, तिच्यासाठीं साडेबारा रुपये घेतले, तर वरचे साडेचार रुपये महागाईचे नव्हेत. ते महागाईच्या नांवावर घेतलेले आहेत. मीठमिरची व तेल महागल्यामुळें घरखर्चासाठीं अधिक पाहिजे असेल, तर तेंहि मागण्यास लाज नाहीं. परंतु तसें सांगून मागावें.

दुसरा मोह याहून वाईट. भाव तोच ठेवावयाचा, आणि दुधांत तांब्याभर पाणी घालावयाचें, किंवा माप कांठापर्यंत भरावयाचें नाहीं. भविष्यवादी आमोस ह्यानें ज्या व्यापाऱ्यांचा निषेध केला, त्यांनीं धान्याचें माप लहान व तोलण्याचें वजन मोठें केलें होतें. माप बदलणें म्हणजे सर्वदा पाप असें आम्ही म्हणत नाहीं. २०१८ सालीं युरियाची गोणी ५० किलोंऐवजीं ४५ किलोंची झाली. परंतु वजन गोणीवर छापलेलें होतें, आणि किंमतहि त्या मानानें उतरली. जी वाढ सांगून केली तिला घेणारा नाहीं म्हणूं शकतो. जी लपवून केली तिला त्याला नाहीं म्हणतां येत नाहीं.

तिसरा मोह सद्गुणाचा वेष घेऊन येतो, म्हणून त्याविषयीं अधिक सावध असावें. घरधनी म्हणतो, “असूं द्या, आम्ही भाव वाढवीत नाहीं.” गांव त्याला भला माणूस म्हणतो. परंतु ते ८० रुपये कोठून आले? सून पहांटे उठून शेण काढिते व धारा काढिते. सासरे बांधावरचें गवत कापून आणितात. मुलगा शाळेची वेळ होण्यापूर्वीं दहा घरीं रतीब घालितो. ह्यांस रोजगार द्यावा लागत नाहीं, म्हणून त्यांचे कष्ट हिशेबांतच येत नाहींत. आणि जें हिशेबांत येत नाहीं, तें दान करणें फार सोपें असतें.

हा प्रश्न विद्वानांसहि सुटलेला नाहीं. पिकांच्या खर्चाचा विचार करणारा जो सरकारी आयोग १९६५ सालीं स्थापन झाला, तो रोख खर्च निराळा धरितो, घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल त्यांत मिळवून दुसरा आंकडा काढितो, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज धरून तिसरा. २०१८ च्या अर्थसंकल्पांत खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हां खर्च म्हणजे ह्यांपैकीं कोणता, ह्याविषयींच मोठा वाद झाला. तथापि घरच्यांचे श्रम फुकट धरावेत, असें दीडपटीच्या त्या हिशेबांतहि मानिलेलें नाहीं. मग आपल्याच घरांत आपण तसें कां मानावें?

ह्यावरून दया करूं नये, असें कोणी समजूं नये. मजुराचें काम बंद असेल, घरांत तान्हें मूल असेल, तर त्या घरास जुन्या भावानें दूध द्यावें, किंवा पैशांस थांबावें. परंतु दया करणाऱ्यानें ती आपल्या पदरची करावी. दुसऱ्याच्या कष्टांची करूं नये. माप सर्वांस सारखें असावें, भाव सर्वांस ठाऊक असावा, आणि सवलत द्यावयाची ती कोणत्या घरास व किती दिवस, हें सुनेस व मुलासहि विचारून ठरवावें. त्यांनीं संतोषानें होय म्हटलें, म्हणजे तें दान साऱ्या घराचें झालें.

घेणाऱ्यांसहि आमची एक विनंति आहे. ज्यांस मासिक पगार आहे, त्यांनीं आठ रुपयांसाठीं दारांत उभ्या असलेल्या मुलाशीं घासाघीस करूं नये. तो पैसे मागावयास आला आहे तो पेंडीचे, आणि आपल्या आईच्या पहांटेचे.

वाचकहो, येत्या शनिवारीं सायंकाळीं दिवा लावल्यावर घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. मुलानें वही घ्यावी. एका बाजूस पेंड व वैरण लिहावी. दुसऱ्या बाजूस कोण किती वेळ राबतो तें लिहावें, आणि सुनेचें नांव प्रथम लिहावें. मग भाव ठरवावा. असा ठरविलेला भाव दहाहि दारीं मान वर करून सांगतां येईल.