संशयाची गोडी

आमच्या मंडळाचा एक छोटासा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, ठरलेल्या पुस्तकावर गप्पा मारायच्या आणि मग प्रत्येकाने करून आणलेल्या पदार्थांवर ताव मारायचा, असा शिरस्ता. (पुस्तक न वाचता केवळ दुसऱ्या भागासाठी येणारे सभासदही आहेत, त्यांची नावं मी सांगणार नाही.) एरवी आम्ही मराठी पुस्तकं घेतो. पण गेल्या हिवाळ्यात कुणीतरी म्हणालं, आपण इतकी वर्षं रिचमंडला राहतो, तर आपल्या या गावावरची एखादी कादंबरी का वाचू नये? आणि निवड झाली पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या ‘पोस्टमॉर्टेम’ची.

ही त्यांची पहिली कादंबरी, १९९० साली आलेली. त्याआधी कॉर्नवेल वृत्तपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या लिहीत आणि नंतर काही वर्षं त्या इथेच, व्हर्जिनियाच्या मुख्य वैद्यकीय तपासनिसांच्या कार्यालयात नोकरीला होत्या. संशयास्पद मृत्यूंची शवविच्छेदनं जिथे होतात ते हे कार्यालय. तिथे जे पाहिलं, ऐकलं, त्यातून डॉ. के स्कार्पेटा ही त्यांची नायिका उभी राहिली. पुस्तकाला एडगर, अँथनी, मॅकाव्हिटी असे रहस्यकथांचे मानाचे पुरस्कार मिळाले. पुढे प्रयोगशाळेत उलगडणाऱ्या रहस्यकथांची जी लाट आली, तिच्यात या पुस्तकाचा वाटा मोठा. टीव्हीवर ‘सीएसआय’ सुरू झालं ते त्यानंतर दहा वर्षांनी, २००० साली.

आमच्या कट्ट्यावरच्या प्रतिक्रिया मात्र चार दिशांना गेल्या. आयटीतला एक तरुण म्हणाला, “एका बैठकीत संपवलं. रात्री दोनला उठून दाराची कडी तपासून आलो!” एक निवृत्त शिक्षिका वैतागल्या होत्या. “बाबूराव अर्नाळकरांच्या कथांतही खून व्हायचेच की. पण प्रेत आपलं गुपचूप बाजूला पडून असायचं. इथे त्याची चिरफाड! हे कशाला वाचायचं माणसाने?” त्यावर आमच्यातली एक नर्स शांतपणे म्हणाली, “मला तर उलटं वाटलं. मृताच्या हातांना ते कागदी पिशव्या बांधतात ना, प्लास्टिकच्या नाही, कारण प्लास्टिकमध्ये दमट होऊन नखांतला पुरावा खराब होतो. एवढी काळजी घेतात, ती त्या बाईला स्वतः बोलता येत नाही म्हणून. मला त्यात माया दिसली.”

मग बोलल्या त्या आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू. “मी वाचलं नाही आणि वाचणारही नाही,” त्या म्हणाल्या. “मी सत्याऐंशी साली इथेच होते.”

आणि खोलीतला आवाज एकदम खाली आला.

कादंबरीत रिचमंडमध्ये एकामागून एक स्त्रियांचे, रात्री घरात शिरून, गळा आवळून खून होतात. सुरुवातच एका तरुण डॉक्टर स्त्रीच्या खुनाने होते. १९८७च्या सप्टेंबरपासून या परिसरात खरोखरच असे खून झाले होते आणि मृतांमध्ये न्यूरोसर्जरीचं शिक्षण घेणारी एक डॉक्टर होती. एक तर पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. काकू सांगत होत्या, “खिडक्यांना खिळे ठोकले होते आम्ही. हे रात्रपाळीला गेले की मी दोन्ही मुलांना घेऊन दिवा लावून बसायची. तुम्हाला जी गोष्ट वाटते ना, ती माझी तीन महिन्यांची झोप आहे.”

आता यावर काय बोलणार? कुणाच्या तरी दुःखावर कादंबरी बेतावी का, आणि बेतली तर आपण ती चिवडा खात वाचावी का, असा प्रश्न निघाला. मला वाटतं, घडलेल्या गोष्टीवर लिहूच नये म्हटलं तर जगातलं निम्मं साहित्य बंद करावं लागेल. पण वाचणाऱ्याने एवढं मनात ठेवायला हरकत नाही, की शेजारच्या खुर्चीवर त्या रात्री जागून काढलेलं कुणीतरी बसलेलं असू शकतं.

मला खरा त्रास दिला तो मात्र वेगळ्याच गोष्टीने. (पुस्तक वाचायचा विचार असेल तर हा एक परिच्छेद गाळून पुढे जावं.) मारल्या गेलेल्या डॉक्टरचा नवरा शनिवार-रविवारसाठी रात्री उशिरा घरी येतो आणि प्रेत त्यालाच सापडतं. त्याला नाटकात काम करायचा नाद. मरीनो नावाच्या डिटेक्टिव्हची पहिल्या दिवसापासून खात्री, की हे काम त्याचंच. मी सहज विचारलं, कुणाकुणाला नवऱ्याचा संशय आला होता? जवळजवळ सगळे हात वर झाले. “फारच शांत होता हो तो!” “नटच तो, रडायचं सोंग काय अवघड?” सगळे हसले, मीही हसले. नवरा निर्दोष असतो. आम्ही अर्धं पुस्तक त्याला मनातल्या मनात फाशी देऊन बसलो होतो आणि त्याची बायको नुकतीच गेली आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

कादंबरीत ठीक आहे. पण याची खरी बाजू ऐका. १९८४ साली इथून शंभरेक मैलांवर, आर्लिंग्टनमध्ये, एका स्त्रीचा असाच खून झाला होता. त्यात डेव्हिड व्हास्केझ नावाचा एक माणूस पकडला गेला. त्याची बुद्धी जेमतेम. चौकशीत प्रश्नांवर प्रश्न विचारून त्याच्याकडून कबुलीवजा वाक्यं वदवून घेतली गेली. फाशीच्या भीतीने त्याने तडजोड स्वीकारली आणि त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. १९८७च्या अखेरीस आर्लिंग्टनमध्ये पुन्हा तशाच पद्धतीने खून झाला, तेव्हा व्हास्केझ तुरुंगातच होता. जो होर्गस या डिटेक्टिव्हला ही पद्धत ओळखीची वाटली. त्याने जुन्या नोंदी चाळल्या आणि तो टिमथी स्पेन्सर नावाच्या घरफोड्यापर्यंत पोचला. डीएनए तपासणी तेव्हा अगदी नवी होती, निकालाला आठवडे लागत. रिचमंड आणि आर्लिंग्टनच्या खुनांतले नमुने स्पेन्सरशी जुळले. डीएनएच्या पुराव्यावर मृत्युदंड झालेला तो अमेरिकेतला पहिला गुन्हेगार. १९९४ साली त्याची शिक्षा अमलात आली. जुन्या, १९८४च्या खुनातल्या नमुन्यांवरून मात्र डीएनएचा स्पष्ट निकाल निघेना. तेव्हा खुनाच्या पद्धतीतलं साम्य मांडून व्हास्केझसाठी माफी मागावी लागली, आणि जानेवारी १९८९मध्ये तो सुटला. त्याची पाच वर्षं गेली ती गेलीच.

आपण म्हणतो, विज्ञानाने गुन्हेगार पकडला. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते, की त्याच शोधाच्या ओघात एक निरपराध माणूस बाहेर आला. आणि तोही यंत्राने आपोआप आणला नाही. ‘आपलं चुकलं असेल का?’ असं विचारणारा एक माणूस आधी लागला.

हे मी इतक्या तावातावाने का लिहिते आहे, ते आता सांगायला हवं. १९७६ साली मी पुण्यात अकरा वर्षांची होते. माझ्या वयाच्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरअखेर विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, डिसेंबरच्या पहिल्या तारखेला भांडारकर रस्त्यावरचं अभ्यंकर कुटुंब. संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडत. दार वाजलं की आई आधी खिडकीतून बघे, मग नाव विचारी, मगच कडी काढी. नायलॉनच्या दोरीने गळे आवळले, एवढं आम्हा मुलांच्याही कानावर आलं होतं.

आमच्या वाड्यात मागच्या बाजूला एका खोलीत एक तरुण भाडेकरू होता. कारखान्यात रात्रपाळीला जाई, फारसं कुणाशी बोलत नसे. एक दिवस मी त्याच्या खिडकीत नायलॉनच्या दोरीचं नवं कोरं भेंडोळं पाहिलं आणि धावत येऊन सगळ्यांना सांगितलं. मला त्या दिवशी मिळालेलं महत्त्व अजून आठवतं. मोठी माणसं माझ्याभोवती जमली होती, “नीट सांग गं, केवढी होती?” म्हणून विचारत होती. आठवडाभरात घरमालकांनी त्याला खोली रिकामी करायला सांगितलं. तो ट्रंक घेऊन निघाला तेव्हा वाड्यातलं एकही दार उघडलं नाही. दोरी कपडे वाळत घालायला आणली होती; जाताना त्याने ती खिळ्याला बांधलेली तशीच ठेवली.

मार्च १९७७मध्ये जक्कल आणि त्याचे साथीदार पकडले गेले. चित्रकलेच्या कॉलेजातली मुलं. सगळं पुणे हळहळलं, चर्चा करत राहिलं. त्या भाडेकरूचं नाव मात्र वाड्यात पुन्हा कुणी काढलं नाही. मीही नाही. आज मला ते आठवतसुद्धा नाही, आणि याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

रहस्यकथा वाचताना आपल्याला गोडी कशाची लागते? मी म्हणेन, रक्ताची नाही, संशयाची. प्रत्येक पात्राकडे बोट दाखवायचं आणि चुकलो तर किंमत काही नाही, ही चैन फक्त पुस्तकातच आहे. म्हणून असली पुस्तकं वाचू नयेत असं मी म्हणणार नाही. उलट स्कार्पेटाकडून शिकण्यासारखं आहे. मरीनो निकाल देऊन मोकळा होतो, तेव्हा ती म्हणते, थांब, अजून अहवाल यायचा आहे. हे थांबणं आपल्याला जड जातं. परक्या देशात राहताना, नव्या शेजाऱ्याबद्दल, दुसऱ्या वर्णाच्या माणसाबद्दल, मंडळात न मिसळणाऱ्या एखाद्या कुटुंबाबद्दलही आपण किती पटकन दोरीचं भेंडोळं पाहतो!

त्या रविवारी निघताना मी काकूंना घरापर्यंत सोडायला गेले. गाडीत त्यांना ही वाड्याची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या गल्लीतही होता एक तसा. एकटाच राहायचा. त्या हिवाळ्यात आम्ही त्याच्याकडे बघायचंसुद्धा सोडलं होतं.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “ते पुस्तक तुझ्याकडे आहे का गं? नको ती पानं तेवढी खूण करून दे.”

मी खुणा करून दिलं आहे. पुढच्या वर्षीच्या अंकात त्यांची प्रतिक्रिया त्यांनीच लिहावी, असा माझा आग्रह आहे.