मुक्या जिवाचा नकार

ज्याला शब्दांनी ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडे आपण काय मागावे, हा नीतिशास्त्रातील जुना आणि अवघड प्रश्न आहे. बैलाच्या मानेवर जू ठेवताना शेतकरी निदान एवढे म्हणू शकतो, की या श्रमावर आम्हा दोघांचेही पोट आहे. परंतु केवळ खेळाच्या आनंदासाठी मनुष्य जेव्हा घोड्याला आडव्या ओंडक्यावरून उडी घ्यावयास लावतो, तेव्हा ही सबब त्याला उपलब्ध नसते. म्हणून या प्रश्नाचा कस पाहावयाचा असेल, तर तो ‘इव्हेंटिंग’ नावाच्या अश्वस्पर्धेत, आणि तीतही पोटासाठी न धावणाऱ्या हौशी स्वाराच्या बाबतीत, पाहणे इष्ट होईल.

ही स्पर्धा तीन अंगांची असते. पहिल्यात, ज्याला ड्रेसाज म्हणतात, घोड्याने आखलेल्या चौकात शांतपणे व डौलाने ठरावीक चाली करून दाखवावयाच्या. दुसऱ्यात मोकळ्या रानातून ओंडके, चर, उतार व पाणी ओलांडीत चौखूर धावावयाचे. आणि तिसऱ्यात, आधीच्या श्रमांचा शीण अंगात असता, रिंगणातील हलके अडसर न पाडता उड्या घ्यावयाच्या. मूळ हा लष्करी घोड्याची परीक्षा घेण्याचा प्रकार. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथम आला, तेव्हा सेवेतील सेनाधिकाऱ्यांनाच त्यात प्रवेश होता. स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये त्याचे दार उघडले ते 1964 साली, टोकियोत. आपल्याकडेही 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत यात सुवर्णपदक मिळविणारे रघुबीर सिंग घोडदळातलेच होते. 2018 साली जकार्तात रौप्यपदक मिळविणारे फवाद मिर्झा मात्र सैनिक नव्हेत. रणाची गरज सरली, खेळ उरला. आणि गरजेबरोबर तिची सबबही गेली.

या खेळातील एक रीत विशेष विचारार्ह आहे. रानातील सगळा मार्ग स्वार स्पर्धेपूर्वी पायी चालून पाहतो, पावले मोजतो, पाण्याकडे जाणारा उतार डोळ्यांत साठवितो. घोड्याला मात्र तो मार्ग आधी दाखविला जात नाही. प्रत्येक अडथळा त्याला प्रथमच दिसतो, आणि तोही भरधाव वेगात. शिवाय त्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असल्यामुळे कपाळासमोरची अगदी जवळची जागा त्याला दिसत नाही. ज्ञान एकाजवळ आणि उडी दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी मानले आहे. तेथे घोड्यांनी आवरले जावे एवढेच त्यांचे काम. पण रानातल्या या घोड्याला स्वतःचे मन असते, आणि ते विश्वास टाकते किंवा टाकीत नाही.

कोणी म्हणेल, घोडा कान टवकारून आनंदाने उडी घेतो, हीच त्याची संमती होय. दुसरा म्हणेल, तोंडात लगाम आणि कुशीला टाच असताना संमतीची भाषा हे निव्वळ ढोंग आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि घोड्याला नकार देता येतो ही गोष्ट दोघेही विसरतात. तो अडथळ्यासमोर थबकतो, किंवा बाजूने निघून जातो. रानातील मार्गावर पहिल्या अशा नकाराला वीस दंडगुण मोजले जातात. नियमाच्या दृष्टीने हा दोष. परंतु मुक्या जिवाच्या दृष्टीने हे त्याचे एकमेव वाक्य आहे. त्याचा अर्थ लावणे स्वाराकडे येते. पाठीत कळ असेल, पाण्याची खोली उमगत नसेल, किंवा ऐन क्षणी स्वाराचीच मांड ढळली असेल. शिकाऊ स्वाराला चांगला गुरू चाबूक देण्यापूर्वी हा अर्थ लावावयास शिकवितो, आणि बहुधा दोष स्वाराच्याच हातात सापडतो. ग्रीक सेनानी झेनोफन याने तेवीसशे वर्षांपूर्वीच आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात, घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे बजावले आहे.

हे न मानल्यास काय होते, ते 2021 साली टोकियोत जगाने पाहिले. आधुनिक पेंटॅथ्लॉन या पंचक्रीडेत स्पर्धकाला चिठ्ठीने अनोळखी घोडा मिळे, आणि ओळखीसाठी अवघी वीस मिनिटे. आघाडीवरील एका स्पर्धिकेचा घोडा अडून बसला. रडत रडत तिने चाबूक चालविला, आणि तिच्या शिक्षिकेने घोड्याला बुक्की मारली. पुढे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या क्रीडेतून अश्वारोहण वगळण्यात आले. परंतु यावरून इव्हेंटिंगने स्वतःला निर्दोष समजू नये. त्याच टोकियोत एका स्विस स्वाराच्या घोड्याला रानातील धावेत दुखापत झाली व त्याला मरण द्यावे लागले. 1936 साली बर्लिनमध्ये तर याच स्पर्धेत तीन घोडे मेले. वर्षानुवर्षांच्या सहवासाने धोका नाहीसा होत नाही. मात्र उत्तर कोणी द्यावयाचे, ते त्याने निश्चित होते.

स्पर्धेत पशुवैद्य घोड्याला हाती धरून दुडकीने चालवावयास लावतात आणि तो लंगडतो की काय ते पाहतात. रिंगणातील उड्यांपूर्वी, रानातील धाव सोसून आलेल्या घोड्याची ही परीक्षा पुन्हा होते. ज्याला आपल्या जुन्या भाषेत सालोत्री म्हणत, तो येथे मुक्याचा वकील होतो. पण दोन अडथळ्यांच्या मधल्या रानात सालोत्री नसतो. तेथे वकीलही स्वार आणि न्यायाधीशही स्वारच. हौशी स्वाराच्या थोरवीची जागा तीच. त्याच्या डोक्यावर राष्ट्राच्या पदकाचे ओझे नाही, आणि घोडा परत फिरविला तर त्याच्या घरची चूल विझत नाही. आड येतो तो केवळ अहंकार. दमलेल्या घोड्याला वेळीच थोपवून जो मार्ग सोडतो, त्याच्या नावापुढे निकालपत्रकात अंक लागत नाही. तरीही दुसऱ्याच्या देहाकडून धैर्य मागण्याचा अधिकार कोणाला असेलच, तर तो त्याला आहे. कारण ‘नाही’ ऐकण्याची किंमत त्याने स्वतः मोजलेली असते. लहान मुलांकडून, हाताखालच्या माणसांकडून, आपल्यावर भिस्त ठेवणाऱ्या कोणाकडूनही काही मागताना हाच न्याय लावून पाहावा.