अध्यापनाच्या पदवीचा जमाखर्च

1882 साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी शिक्षकाच्या पगाराचा रोकडा आकडा लिहिला. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित तर हवाच, पण त्याला वेतनही चांगले हवे; महिना 12 रुपयांच्या खाली ते जाऊ नये, मोठ्या गावांत 15 ते 20 असावे, असे त्यांचे म्हणणे होते. गावाचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे अशी कामे त्याच्याकडे दिली तर गावात त्याची पतही वाढेल, हेही त्यांनी सुचवले. प्रशिक्षण, पैसा आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात मांडल्या. आज आपण ज्ञानदानाला पवित्र म्हणतो आणि पगाराचा विषय निघाला की अवघडतो. त्या अवघडलेपणाचा फायदा कोणाला होतो, हे पाहायचे तर डी.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या मुलामुलींच्या घरचा जमाखर्च मांडून पाहायला हवा.

पूर्वी हा हिशेब सोपा होता. बारावीला चांगले गुण मिळवायचे, अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढायची आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू व्हायचे. शेतकरी कुटुंबातली, विशेषतः घरातली पहिली शिकलेली मुलगी याच वाटेने पगारदार झाली. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा पत्र्यापासून स्लॅबपर्यंतचा प्रवास या एका पदविकेवर झाला आहे. मागणी दिसताच विद्यालये भराभर उघडली. राज्यातल्या 291 संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून अध्यापक शिक्षणाची तपासणी करायला न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. 2012 साली आयोगाचा अहवाल आला. त्याच वर्षी राज्यात शिक्षकभरतीवर बंदीही आली. ज्या वर्गांत प्रवेशासाठी वशिला शोधावा लागत असे ते ओस पडले. प्रवेश घेऊन बसलेल्यांना मात्र मागे फिरता येत नव्हते.

आता खर्चाची बाजू पाहू. बी.एड. 2015 पासून एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. शुल्क, खोलीभाडे, खाणावळ हे सगळे दुप्पट झाले, आणि त्या वाढीव वर्षात मिळू शकली असती ती कमाईही गेली. पदवीनंतर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी. पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी 2023 मध्ये. या दोन चाचण्यांमधल्या पाच वर्षांचे मोल कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. पुण्यात अभ्यासिकेत बसलेल्या मुलासाठी गावाकडून दरमहा पैसे येत राहतात. लग्न पुढे ढकलले जाते आणि मुलींच्या बाबतीत तेवढीही सवड मिळत नाही.

निवड झाली तरी पूर्ण पगार नाहीच. 2000 साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत पहिली तीन वर्षे फक्त मानधन. 2022 संपेपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला 6,000 रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला 200. जानेवारी 2023 पासून ते 16,000 झाले. माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. त्याच शाळेत, शेजारच्याच वर्गावर शिकवणाऱ्या नियमित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 29,200 पासून सुरू होते. भत्ते सोडून नुसता मूळ वेतनाचा फरक धरला तरी तीन वर्षांत 4,75,200 रुपये होतात. एवढी रक्कम प्रत्येक नवा प्राथमिक शिक्षक सरकारी तिजोरीत न दिसणाऱ्या रीतीने भरतो. जुलै 2023 मध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक नेमायचे ठरले तेव्हा त्यांचे मानधन 20,000 होते. अनुभवाला मोल असावे, यावर माझे दुमत नाही. पण निवृत्तिवेतन घेणाऱ्याला पूर्णवेळ नव्या प्राथमिक शिक्षकापेक्षा चार हजार जास्त देणाऱ्या व्यवस्थेला तरुणाची निकड पुरती ठाऊक असते. तो नाही म्हणणार नाही, या खात्रीवर ती उभी आहे.

विनाअनुदानित शाळांत तर मानधनाची ही किमान रेषाही नाही. तासिका तत्त्वावर राबणारे, अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहणारे आणि त्यासाठी आझाद मैदानात जाऊन बसणारे शिक्षक हेही याच पदवीचे धनी आहेत.

मला सगळ्यात जास्त खुपते ते वेगळेच. पदवीतला खरा ऐवज म्हणजे सराव पाठ. पाठाचे टाचण काढायचे, मागच्या बाकावर मार्गदर्शक बसलेले असताना भागाकार शिकवायचा, मूल कुठे अडले ते ओळखायचे, आणि तास संपल्यावर निरीक्षण वहीतले शेरे वाचून दुसऱ्या दिवशी तोच घटक नव्याने घ्यायचा. भरतीच्या गुणवत्तेत याला शून्य किंमत आहे. अभियोग्यता चाचणीच्या 200 गुणांपैकी 120 अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला असतात. पदवी फक्त दारातून आत जाण्यापुरती लागते. मग विद्यार्थी सराव पाठ उरकतात आणि वेळ प्रश्नसंचांना देतात. त्यांना दोष देता येत नाही. बाजाराने ज्याची किंमत पुसली ते कौशल्य एकट्याने का जपावे?

आणि उरलेली किंमतही स्थिर नाही. 2018 मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. मुलांच्या दृष्टीने निर्णय रास्त आहे, कारण सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्याचे शास्त्र डी.एल.एड.मध्ये, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.मध्ये, शिकवतात. पण मधल्या पाच वर्षांत त्या अधिसूचनेवर विसंबून ज्यांनी दोन वर्षे आणि आईबापांची बचत घातली, त्यांची भरपाई कोणी केली नाही. त्याच न्यायालयाच्या सप्टेंबर 2025 च्या निकालाने पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. जिल्हा परिषद शाळांत वीस वर्षे शिकवलेली माणसे आता पुन्हा परीक्षेच्या पुस्तकांकडे वळली आहेत.

आता अध्यापनाचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आला आहे. बारावीनंतर मुलाला त्यात घालावे का, असे कोणी विचारले तर मी आवडीबरोबर जिल्ह्यातल्या जागाही विचारायला सांगेन. ती माहिती सरकारपाशी आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याची जन्मतारीख सेवापुस्तिकेत पहिल्याच पानावर असते. पुढच्या चार वर्षांत कोणत्या तालुक्यात, कोणत्या विषयाचे किती शिक्षक निवृत्त होणार, हे आजच मोजता येते. पटसंख्येचा अंदाजही बांधता येतो. हा तक्ता दरवर्षी प्रवेशापूर्वी प्रसिद्ध व्हावा, महाविद्यालयांची प्रवेशक्षमता त्याच्याशी बांधावी, भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी, सराव पाठांचे बाहेरच्या परीक्षकाकडून मूल्यमापन होऊन ते गुण निवडीत धरावेत, आणि रुजू झाल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्यावे. यातल्या फक्त शेवटच्या मागणीला मोठा पैसा लागतो, आणि तो आजही खर्च होतोच आहे. फक्त तो शिक्षकांच्या घरांतून जातो.