चौकातला न्याय

रोज पहाटे सायकल मारत पाळीला जातो. वाटेत तीन चौक. कायदा एकच, न्याय तीन तऱ्हेचा.

पहिल्यात सिग्नल. लाल दिव्यापुढं मोटारही थांबते, मीही थांबतो. तेवढीच समता. हिरवा झाला की ट्रक डावीकडं वळतो. त्याच्या डाव्या अंगाला मी. आरशात दिसत नाही. चाक अंगावरून गेलं तर लोक म्हणणार, हा तिथं घुसला कशाला?

दुसरा गोल चक्कर. आत असलेल्याला आधी जाऊ द्यावं, हे २०१७ च्या नियमावलीत आहे. आत मी असतो. थांबतोही मीच.

तिसऱ्यात दिवा नाही, पोलीस नाही. रस्ते सारखे असले की उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. मी उजवीकडून येतो. हॉर्न कोकलतो : ए, मरायचंय का?

१९२४ साली वायकोमला देवळाभोवतालच्या रस्त्यानं नुसतं चालता यावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. आज रस्ता सर्वांचा. कागदावर.

मी थांबतो त्याला लोक समजूतदारपणा म्हणतात. खोटं आहे. भीतीनं सोडलेली वाट म्हणजे सौजन्य नव्हे. ज्याच्या हातून दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, त्यानं आधी थांबायचं. ही मेहरबानी नाही, देणं आहे.

काल एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. मी जोरात घंटी वाजवली. ती दचकून मागं सरली.

तेव्हापासून घंटीवर बोट ठेवताना हात अडखळतो.