उसनी ट्रंक

आमच्या घरात माळ्याखाली एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात गोधड्या, आईची एक जुनी शाल आणि डांबराच्या गोळ्या असतात. दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले की ती गच्चीवर येते, दोन दिवस उन्हात तापते आणि पुन्हा आपल्या जागी जाते. पंचाहत्तरांहून अधिक वर्षे ती आमच्या कुटुंबात आहे. पण ती आमची नाही. लग्नानंतर आजीने ती आईच्या स्वाधीन केली तेव्हा बजावले होते, "ही तुझी नव्हे हं. उसनी आहे. जिची आहे तिला परत द्यायचीय."

जिची आहे ती बाई कराचीत राहत होती.

माझे आजोबा देवरुखकडचे. १९२९ साली ते बंदराच्या कचेरीत कारकुनी करायला कराचीस गेले, तेव्हा आपण परमुलखात चाललो आहोत असे त्यांच्या मनातही आले नसेल. सिंध प्रांत १८४७ पासून मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ साली. कोकणातून मुंबईला जावे तसे लोक मुंबईहून बोटीत बसून कराचीला जात. सिंधमधली पहिली सरकारी शाळा १८५५ सालची, आणि ती आजही नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव लावते. माझे थोरले मामा त्याच शाळेत शिकले. आई म्हणते की तिला शाळेपेक्षा बंदर रोडवरची ट्राम जास्त आठवते. ते मला खरे वाटते. नवव्या वर्षी मलाही तेच आठवले असते.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली. तोवर आजोबा 'बघू, निवळेल' म्हणत होते. त्यानंतर आठवड्याभरात बोटीची तिकिटे झाली. घरात सामान बांधायला दोन वळकट्या आणि एक पत्र्याची पेटी, एवढेच. खालच्या मजल्यावर एक सिंधी मुसलमान कुटुंब राहत होते. त्या घरातली बाई आपली ट्रंक घेऊन वर आली. ती काय बोलली ते आईला आठवत नाही. लाकडी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ट्रंक आपटत वर येत होती, तो आवाज मात्र आठवतो. आजीच्या सांगण्याप्रमाणे बाई म्हणाली होती, "दिवस निवळले की घेऊन या." आजोबांचे मत वेगळे होते. ते म्हणत, "अगं, ती जाणाऱ्याला दिलेली भेट होती. परत या, हे ती मायेने म्हणाली." ह्या एका वाक्याच्या अर्थावरून त्या दोघांचा शेवटपर्यंत वाद होता. आजोबा मनाने उदार होते, पण भेट समजण्यात त्यांची सोय होती, हे आजीने ओळखले होते असे मला वाटते.

परत जाण्याचे बेत तेव्हापासूनचे. त्याच वर्षीच्या जुलैत ये-जा करायला परमिट लागू लागले. १९५२ साली पासपोर्ट आणि व्हिसा आले. १९६५ च्या युद्धात राजस्थानातून सिंधमध्ये जाणारा खोखरापारचा लोहमार्ग तुटला. आजोबांनी एक पत्र टाकले होते. त्याचे उत्तर आले नाही. मग ते गेले, आजीही गेली, आणि ट्रंकेत गोधड्या राहिल्या.

खरी वही घातली ती आईने, २०१२ साली. त्या सप्टेंबरात दोन्ही देशांत नवा व्हिसा-करार झाला. त्यात पासष्ट वर्षांवरच्या माणसांना अटारी-वाघा नाक्यावरच पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा मिळण्याची सोय होती. आई तेव्हा चौऱ्याहत्तरीला आली होती. तिने पेपर माझ्यापुढे ठेवला आणि शंभर पानी वही आणायला सांगितले. पहिल्या पानावर मी मार्ग लिहिला. मुंबईहून कराची सरळ रेषेत नऊशे किलोमीटरांच्या आत आहे. आमचा मार्ग असा होता की आधी गोल्डन टेंपल मेलने अमृतसर गाठायचे, सीमा पायी ओलांडायची, लाहोरला गाडीत बसायचे आणि तेथून बाराशे किलोमीटर पुन्हा दक्षिणेकडे यायचे. हीच मेल पूर्वी फ्रंटियर मेल ह्या नावाने थेट पेशावरपर्यंत जात असे. शेजारच्या घरात जाण्यासाठी गावाला वळसा घालावा, तसा हा प्रकार.

दुसऱ्या पानावर सामान. तेथे आमचे अडले. आईने विचारले, "ट्रंक रिकामी न्यायची की भरून?" मी म्हणालो, "रिकामी. वजन कोण उचलणार?" त्यावर ती माझ्याकडे अशी पाहू लागली, की हा मुलगा आपण वाढवला की कोणी दुसऱ्याने! उसने भांडे रिकामे परत करू नये, एवढेही तुला कळू नये? शेजारणीची वाटी परत करताना तिच्यात साखर तरी घालतात. मग ट्रंकेत काय घालायचे ह्याची चर्चा दोन दिवाळ्या चालली. करंज्या मोडतील, चिवडा सादळेल, शंकरपाळे टिकतील. माझी पत्नी म्हणाली, "आई, ट्रंकभर शंकरपाळे? कस्टमवाल्यांना काय सांगायचं?" आई म्हणाली, "त्यांनाही द्यायचे."

भारताच्या बाजूने ही सोय १५ जानेवारी २०१३ पासून सुरू व्हायची होती. त्याच्या आदल्या आठवड्यात नियंत्रणरेषेवर आपले दोन जवान मारले गेले आणि ती त्याच दिवशी स्थगित झाली. त्या वातावरणात आमचाही बेत मागे पडला. नंतर साध्या व्हिसाचा अर्ज आणला, तर त्यात कोणाला भेटायचे त्याचे नाव आणि पत्ता हवा. आमच्याकडे नाव नव्हते. आजी तिला नुसते 'खालची' म्हणे. २००६ साली सुरू झालेली थर एक्स्प्रेस मुनाबाववरून थेट कराचीकडे जाई. आईला प्रकृती साथ देईना म्हणून ते एक-एक वर्ष पुढे ढकलले, आणि २०१९ च्या ऑगस्टात ती गाडीही थांबली. पण वही थांबली नाही. दर दिवाळीला पाडव्याच्या दुपारी आई ती उघडायला लावी आणि मी तिच्यात नवे भाडे, नवे नियम, नव्या औषधांची यादी लिहीत असे.

आता मला जे विचारायचे आहे ते हे. जे होणार नाही हे ठाऊक आहे, त्याचा बेत करीत राहणे ह्यात खरेपणा किती? कांटच्या नीतिविचारातून एक गोष्ट निघते ती अशी, की जे करायला हवे म्हणतो ते करता येण्याजोगे असले पाहिजे. जे अशक्य आहे त्याचे कर्तव्य माणसावर कसे लादणार? हा विचार सरळ आहे, आणि पुष्कळदा तो दयाळूही असतो. पण त्याच्या आधारे मी ट्रंक आपली म्हणू लागलो, तर सीमेवरचा दरवाजा बंद झाल्यामुळे माझा फायदाच झाला, असे होईल. दोन सरकारांचे भांडण आणि त्यात मला एक ट्रंक सुटली! आपल्याकडे ऋणांचा विचार वेगळ्या तऱ्हेने झाला आहे. पितृऋण फिटत नाही हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून कोणी ते माफ झाले असे म्हणत नाही. वर्षातून एकदा त्याची आठवण करण्याचे काम माणसाला लावून दिले आहे. आमची वही तशी असेल का? कधी वाटते, असेल. कधी वाटते, मी स्वतःला फसवतो आहे. तर्पणासाठी निदान पहाटे उठावे लागते. आमच्या बेताला बॉलपेनच्या शाईपलीकडे कसलाच खर्च नव्हता.

देण्याघेण्याचा हिशेब सरकारांनीही केला होता. निर्वासितांनी तिकडे सोडलेल्या घराजमिनींचे दावे नोंदवून घ्यायला १९५० साली आपल्याकडे कायदा झाला. तिकडे आपले काय राहिले, ह्याचा तक्ता होता. तिकडचे आपल्याकडे काय राहिले, हे लिहायला रकाना नव्हता.

हे मी पिंपरीच्या एका वृद्ध सिंधी गृहस्थांना सांगितले. ते माझ्या कचेरीतल्या मित्राचे वडील. सगळे त्यांना दादा म्हणत. फाळणीनंतर ते कल्याणच्या छावणीत आले, जिचे पुढे उल्हासनगर झाले, आणि नंतर पिंपरीत त्यांनी कापडाचे दुकान काढले. ते हसले. "माझ्या वडिलांनी आख्खं घर ठेवलं तिकडे. कुलूप लावलं, किल्ली बरोबर आणली. आणि तुम्ही एका ट्रंकेचं घेऊन बसलात?" मी गप्प राहिलो. ते बोलले त्यात राग नव्हता, पण हिशेब होता. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात काही अक्षरे आहेत. ती आमच्या घरात कोणाला कधी वाचता आली नव्हती. त्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो मी त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या पिढीची सिंधी अरबी वळणाच्या लिपीतली. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे मुसलमानाचं नाव नाही. हे आमच्यातलं आडनाव आहे. खाली लिहिलंय हैदराबाद. सिंधचं."

म्हणजे ट्रंक त्या बाईची नव्हतीच मुळी. त्या हिवाळ्यात सिंधमधून निघालेले हिंदू आपले सामान मिळेल त्या भावाला विकत होते, काही जण ओळखीच्यांकडे ठेवून जात होते. बाईच्या नवऱ्याने ती विकत घेतली असेल, किंवा कोणी तिच्याकडेही 'दिवस निवळेपर्यंत' ठेवली असेल. ज्याची ती होती त्याची नातवंडे उल्हासनगरात असतील, पिंपरीत असतील, कदाचित आमच्या शेजारच्या गल्लीत असतील. सीमा ओलांडण्याचे कारणच उरले नाही, असे मला क्षणभर वाटले. आणि वाटल्याबरोबर जो हलकेपणा आला, त्याची लाजही वाटली.

घरी येऊन मी आईला सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं, नाव कळलं. पण द्यायची त्या बाईलाच."

"अगं, तिची नव्हतीच ती."

"आपण तिच्या हातून घेतली ना? तिच्या घरच्यांच्या हातात द्यायची. पुढे कोणाची ते त्यांनी बघावं. आपण मधल्यामधे न्यायाधीश कशाला व्हायचं?"

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आरंभी सॉक्रेटिस विचारतो, की मित्राने शहाणा असताना ठेवायला दिलेले शस्त्र तो वेडा झाल्यावर मागू लागला, तर परत द्यावे काय? घेतले ते परत देणे एवढाच न्याय नव्हे, हे त्याला दाखवायचे आहे. मी हे आईला समजावून सांगितले. आई म्हणाली, "शस्त्राचं ठीक आहे. ही ट्रंक आहे."

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत आमच्या पुण्याचेही दोघे होते. अंत्ययात्रेच्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. दोन दिवसांत व्हिसे रद्द झाले, अटारीचे नाके बंद झाले. मी घरी आलो आणि वही रद्दीच्या गठ्ठ्याखाली सरकवली. का, ते मला तेव्हा नीट सांगता आले नसते. शंकरपाळ्यांची यादी त्या घरातल्या कोणी पाहिली तर काय म्हणेल, असे काहीतरी मनात होते. ज्या बाईने जिन्यावरून ट्रंक ओढत आणली तिचा आणि गोळ्या झाडणाऱ्यांचा संबंध नाही, हे बुद्धीला पटत होते. पण दुःखात असलेल्या माणसाकडून असा भेद करण्याची अपेक्षा ठेवायला आपण कोण? मला तो करता येतो, कारण माझ्या घरातले कोणी गेले नाही. माझ्या घरात आली ती ट्रंक. मी औदार्य म्हणतो ते माझे नशीबही असेल. ह्या विचारापुढे मी अजून गेलेलो नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ट्रंक गच्चीवर आली. आई आता शहाऐंशीच्या पुढे. खुर्ची घेऊन ती उन्हात बसली होती. पाडवा यायला अवकाश होता, तरी तिने विचारलेच, "वही कुठाय?"

मी म्हणालो, "आई, नाकं बंद झालंय."

"ते मला माहितीय. पेपर मी तुझ्याआधी वाचते." थोडे थांबून तिने पायाने ट्रंक सरकवली. "तळाला गंज चढलाय बघ. असं पत्रं खाल्लेलं कोणाला देणार? रंग कधी आणतोस?"

दुसऱ्या दिवशी मी पॉलिश-पेपर, एक लहान डबा काळा रंग आणि ब्रश आणला. ह्या कामाला मला अडीच दिवस लागले आणि कंबर धरली. तळ घासला, कडा घासल्या, दोन हात दिले. झाकणाशी आलो तेव्हा प्रश्न पडला. अक्षरे पुसट झाली होती. ती पुन्हा काढावीत तर ती लिपी आम्हांला येत नाही. दादा दोन वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांच्या मुलाला सिंधी बोलता येते, वाचता येत नाही. रंग वरून फिरवावा तर नाव जाणार.

आईने खुर्ची जवळ ओढायला लावली, चष्मा पुसला आणि बोटाने अक्षरांभोवती एक चौकोन दाखवला. "एवढं सोडून लाव. आणि ब्रश कमी भिजव, ओघळ येईल."