सूड, न्याय आणि स्मरण : १३७ व्या स्तोत्राचा शेवट

इ. स. पूर्व ५८७-८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले, तेथील मंदिर जाळले आणि यहुदातील अनेकांना बंदिवान करून नेले. ‘स्तोत्रसंहिते’तील १३७ वे स्तोत्र या निर्वासनाचे स्मरण करते. नदीकाठच्या विलापाने त्याचा प्रारंभ होतो. शेवट मात्र शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणून होतो. न्यायी ईश्वरावर श्रद्धा असणाऱ्या परंपरेने हे वचन कसे वाचावे, हा पेच जुना आहे.

संत ऑगस्टीनने रूपकाचा आश्रय घेतला : मुले म्हणजे अंकुरणाऱ्या दुर्वासना आणि खडक म्हणजे ख्रिस्त. १९७१ च्या कॅथलिक दैनिक प्रार्थनाग्रंथात या स्तोत्राची शेवटची तीन वचने वगळण्यात आली. एका मार्गाने शब्दांचा अर्थ पालटतो, दुसऱ्याने शब्दच नाहीसे होतात. हानी दोहोंतही त्या तान्ह्या मुलांचीच होते, कारण मुले म्हणून ती वाचकासमोर उरत नाहीत. तिसरे समर्थन अधिक गंभीर आहे : पीडित स्वतः शस्त्र न उचलता सूड ईश्वरावर सोपवितो; म्हणून शापवाणी हीदेखील श्रद्धेचीच एक कृती होय.

हे समर्थन संहितेच्या कसोटीवर कितपत टिकते? स्तोत्रातील संबोधने क्रमाने बदलत जातात. प्रारंभीचा ‘आम्ही’ पुढे ‘मी’ होतो आणि जेरुसलेमला उद्देशून बोलतो. तिचा विसर पडल्यास आपला हात व जीभ निकामी होवो, असा शाप तो प्रथम स्वतःलाच देतो. सातव्या वचनात तो परमेश्वराला अदोमी लोकांच्या अपराधाचे स्मरण करण्यास सांगतो. ‘स्मरणे’ या अर्थाचा एकच हिब्रू धातू अशा रीतीने समूहाकडून व्यक्तीकडे आणि व्यक्तीकडून ईश्वराकडे जातो. येथवर तिसरे समर्थन टिकते. परंतु आठव्या वचनापासून बोलणे थेट बाबिलोनशी आहे. तेथे ईश्वराचे नाव नाही. सूड घेणारा कोणी अनामिक माणूस आहे. शेवटची वचने ईश्वरावर काही सोपवीत नाहीत आणि ईश्वरही स्तोत्रात कोठे उत्तर देत नाही.

त्या वचनांत आहे ते समप्रमाणाचे तत्त्व : जे तू आमच्याशी केलेस, तेच तुला परत मिळो. यासाठी योजिलेले ‘परतफेड’ या अर्थाचे क्रियापद ‘शालोम’ या शब्दाच्याच धातूपासून आले आहे. भंगलेले पुन्हा पूर्ण करणे, ही अर्थच्छटा त्यात आहे. जेरुसलेमची मुले अशीच मारली गेली होती, हे या वचनातून अप्रत्यक्षपणे सूचित होते. येथेच समप्रमाणाची मर्यादा उघड होते. हिशेब तंतोतंत जुळतो तो ज्याने काहीच केलेले नाही अशा जिवावर. मोजमाप अचूक असूनही न्याय आणि सूड यांतील सीमारेषा पुसली जाते.

म्हणून हे वचन ईश्वराची आज्ञा ठरत नाही आणि त्याज्यही ठरत नाही. ते साक्ष आहे. वगळले, तर पीडिताचा आक्रोश सभ्यतेच्या सोयीसाठी दडपला जातो. संमत केले, तर बाबिलोनची तान्ही मुले पुन्हा मरतात. या दोन्ही मुलांचे एकाच वेळी स्मरण करणे, ही जबाबदारी ईश्वराच्या मौनामुळे वाचकावर येऊन पडते.