कानाची साक्ष

मंडळीच्या पैशाने एखादी वस्तू घ्यायची तर ती किती किमतीची असावी, हा प्रश्न जुनाच आहे. घंटा, ऑर्गन, बाके, दिवे या प्रत्येकाच्या वेळी तो पंचांपुढे येत आला. आता तो नव्या रूपाने येऊ लागला आहे. उपासनामंदिरातील ध्वनिवर्धकाच्या वायरी व त्यांच्या टोकांचे कनेक्टर साधे घ्यावेत की भारी किमतीचे? विकणारा म्हणतो, भारी केबलने आवाज अगदी मोकळा होतो. मंडळीतील एखादा संगीतप्रेमी तरुण म्हणतो, मी स्वतः ऐकले आहे, फरक पडतो. खजिनदार म्हणतात, तांब्याची तार ती तार. तिच्यासाठी इतके पैसे कशाला? तिघेही आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक आहे. तरी तिच्या पोटात दोन मोठे प्रश्न आहेत. दुसऱ्याने श्रद्धेने दिलेले दान आपण कसे खर्चावे, हा एक. आणि आपल्याच कानांनी दिलेली साक्ष कितपत खरी धरावी, हा दुसरा.

आम्ही छाणीचे, म्हणजे वडोदऱ्याच्या उत्तर वेशीवरचे. वायर ही आमच्या भागात काही नवलाची वस्तू नव्हे. जवळच हालोल येथे पॉलिकॅबचे केबलचे मोठे कारखाने आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला मकरपुऱ्यात १९७४ साली स्थापन झालेली ‘एर्डा’ ही विद्युत उपकरणांची संशोधन व चाचणी संस्था आहे; तेथे केबलही कसोटीला लावल्या जातात. अशा ठिकाणी तारेला साधे प्रश्न विचारतात. तांबे किती जाड? आवरण कसे? विजेला रोध किती? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतात. म्हणून नीतीचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी आपणही आकड्यांकडे पाहू या.

अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी वायर घ्या. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो. स्पीकर १० मीटर दूर असेल तर जाण्यायेण्याची मिळून तार २० मीटर, म्हणजे रोध सुमारे ०.२७ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असल्यास आवाजात घट होते ती ०.३ डेसिबलहून थोडी कमीच. तारेची जाडी अडीच चौरस मिलिमीटर केली तर ही घट ०.१७ डेसिबलच्या आसपास येते. भाषण किंवा गायन चालू असता एका डेसिबलचा फरकही सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणजे तार पुरेशी जाड हवी हे खरे. घरच्या घंटीची बारीक वायर मोठ्या सभागृहात लांबवर नेली तर आवाज नक्कीच पडेल. पण ही पुरेशी जाडी विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात थोड्या पैशांत मिळते.

मायक्रोफोनच्या केबलची गोष्ट निराळी आहे. तिच्यातून जाणारा विद्युतप्रवाह अतिशय क्षीण असतो. पंख्याचे रेग्युलेटर, ट्यूबलाइट, जवळून गेलेली विजेची वायर यांची घरघर तिच्यात सहज शिरते. म्हणून तिच्यावर तारांच्या जाळीचे चांगले कवच आणि टोकांना तीन पिनांचा घट्ट बसणारा कनेक्टर असावा. येथे कंजूषपणा करू नये. सैल पिन आणि कच्चा डाख यांनी जितक्या उपासनांचा विरस केला आहे, तितका स्वस्त तांब्याने खचित केलेला नाही.

आता सोन्याचांदीचे पाहू. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेवर गंज चढत नाही; पावसाळ्याच्या दमट हवेत हा गुण कामाचा आहे. पण सोने तांब्यापेक्षा चांगले वीजवाहक आहे हा समज चुकीचा आहे. ते तांब्याहून कमी प्रतीचे वाहक आहे. चांदी तांब्यापेक्षा सरस आहे, तीही शेकडा सहाच्या आतबाहेर. तेवढा लाभ तांब्याची तार किंचित जाड घेतल्यानेही होतो. ज्या केबलमधून आवाज आकड्यांच्या रूपाने जातो, तिच्यात तर आकडे नीट पोचतात किंवा पोचत नाहीत. पोचले तर महाग केबलने त्यांना अधिक गोडी येत नाही.

मग ज्यांना फरक ऐकू येतो ते खोटे बोलतात काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८३ साली अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने, कोणती वायर जोडली आहे हे न सांगता, श्रोत्यांची परीक्षा घेतली. फार बारीक वायर त्यांना काही प्रसंगी ओळखता आली, कारण तिने आवाज खरोखरच कमी होत होता. परंतु पुरेशी जाड साधी वायर आणि नामांकित महाग केबल यांत संगीत ऐकून खात्रीने निवड करता आली नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी स्पीकरांच्या बाबतीत असेच करून पाहिले. स्पीकर डोळ्यांसमोर असताना श्रोत्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण निरनिराळे निघाले. आवाज तेच, कान तेच. मध्ये डोळे आले होते. पुढे २००७ साली जेम्स रँडी या जादूगाराने १२ फुटांना ७,२५० डॉलर किमतीच्या, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेतीन लाख रुपयांहून अधिक किमतीच्या, एका केबलविषयी आव्हान दिले. साध्या चांगल्या केबलपासून ती केवळ कानांनी ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर मिळणार होते. ती कसोटी शेवटी झालीच नाही.

यावरून जे दिसते ते आपण सर्वांनी मनावर घेण्याजोगे आहे. विश्वास ऐकण्याने उत्पन्न होतो, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातून आपण शिकलो आहोत. दुकानात मात्र बहुधा उलटे घडते. किंमत पाहून आधी विश्वास बसतो आणि मग त्याप्रमाणे ऐकू येते. ज्याला ऐकू आले त्याने लबाडी केलेली नसते. त्याने मनापासून साक्ष दिलेली असते, पण ती पारखून घेतलेली नसते. हा दुबळेपणा केवळ हौशी तरुणांचा आहे असे कोणी समजू नये. चांगल्या कपड्यातील माणसाचे बोलणे आपल्याला अधिक शहाणपणाचे वाटते. मोठ्या शहरातून आलेल्या वक्त्याचा संदेश अधिक खोल वाटतो. कान तेथेही आपलेच असतात.

कोणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याची हौस. तुम्हांला त्याचे काय? आपल्या कमाईतून, घरच्या गरजा भागवून, कोणी सुंदर विणीची केबल घेतली व तिच्याकडे पाहून त्याला आनंद झाला, तर त्यात आम्हांला दोष दिसत नाही. कातडी बांधणीचे पवित्र शास्त्र घेणाराही असाच आनंद मिळवतो. मात्र आतला मजकूर बांधणीमुळे बदलत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि विकणाराही तसे सांगत नाही. केबलच्या बाबतीत जे नाही ते आहे असे सांगून किंमत घेतली जाते, तेव्हा ती हौसेची बाब राहत नाही. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा धिक्कार केला आहे. डाळतांदुळाच्या तराजूला जो नियम, तोच आवाज विकणाऱ्याच्या शब्दांना लागू आहे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो शास्त्रातूनच येतो. बेथानी येथे मरीयेने जटामांसीचे मोलवान तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहूदा इस्कर्योत होता. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षाची कमाई तेथे ओतली गेली. मग देवाच्या घरासाठी उत्तमातले उत्तम आणावे असे म्हणणाऱ्या तरुणाला अडवणारे आम्ही कोणाच्या पंगतीला बसतो?

हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. काटकसर हा स्वतः होऊन सद्गुण ठरत नाही. खजिन्याची थैली सांभाळणाराही प्रेमाला परका असू शकतो. परंतु योहानाने त्या प्रसंगी आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. तेलाच्या सुवासाने ते सारे घर भरून गेले. ते तेल मोलवान आहे हे कोणाला आधी सांगावे लागले नाही. दारात बसलेल्याला, डोळे मिटलेल्याला, किंमत ठाऊक नसलेल्यालाही तो सुवास आला. देवाच्या घरातील महागड्या वस्तूला हीच कसोटी लावावी असे आम्हांला वाटते. तिने घर भरते काय? की जे किमतीची चिठ्ठी वाचून आले आहेत, त्यांनाच तिचा सुवास येतो?

आपल्या मंदिरांत ही कसोटी मागच्या बाकांवर लावावी लागते. तेथे वयोवृद्ध बसतात. त्यांतील कित्येकांना वचनाचे वाचन अर्धेच कळते, आणि ते संकोचाने कोणाला सांगत नाहीत. त्यांच्यासाठी खर्च करायचा तर तो कोठे करावा? वाचणारा मायक्रोफोनपासून एका वितीऐवजी दोन विती दूर उभा राहिला, की त्याचा आवाज मायक्रोफोनवर सुमारे ६ डेसिबलने उतरतो. साध्या वायरीने होणारी जी घट आपण वर पाहिली, तिच्या वीसपट ही घट आहे. आणि ती भरून काढायला एक पैसाही लागत नाही. वाचणाऱ्याला आदल्या दिवशी बोलावून उभे कसे राहावे हे शिकवले म्हणजे झाले. आवाज घुमत असेल तर जाड पडदे लावावेत, एक लहान स्पीकर मागच्या बाकांजवळ आणावा, सैल पिना नीट करून घ्याव्यात. एवढे करूनही पैसे उरले तर चांगला मायक्रोफोन घ्यावा. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टांत प्रभूने दिला. त्या हिशेबात बुरूज कशासाठी बांधायचा, हेही धरलेच पाहिजे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सूचना. मोठ्या मुलांच्या वर्गाने ही परीक्षा स्वतः घेऊन पाहावी. एक साधी जाड वायर आणि कोणाकडून मागून आणलेली महाग केबल घ्या. दोघा मुलांनी पडद्यामागे बसावे, दर वेळी नाणे उडवून एक वायर जोडावी आणि कोणती जोडली ते लिहून ठेवावे. बाहेरच्यांनी तेच गीत, तितक्याच मोठ्या आवाजात, १६ वेळा ऐकून आपापले उत्तर चिठ्ठीवर लिहावे. आतील मुलांनी खोकून वा हसून खूण देऊ नये. केवळ अंदाजाने सुमारे ८ उत्तरे बरोबर येतील. एखाद्याची १२ किंवा अधिक बरोबर आली, तर त्याच्या म्हणण्याकडे लक्ष द्यावे. कारण अंदाजाने तसे घडणे शंभरात चार वेळांहूनही कमी. मग पुन्हा परीक्षा घ्यावी. सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते धरून ठेवावे, हा थेस्सलनीकाकरांना दिलेला बोध मुलांना अशा खेळातून अधिक चांगला कळेल.

आणि ज्या तरुणाने भारी केबलचा आग्रह धरला, त्याची थट्टा करू नये. मंदिरात आवाज चांगला असावा ही तळमळ त्याला आहे. पुष्कळांना तीही नसते. त्याला पडद्याबाहेर बसवून ऐकू द्यावे. त्याचे म्हणणे खरे निघाले तर आपण त्याचे आभार मानू. तसे न निघाले, तर मंदिराच्या वायरिंगचे आणि वाचकांना शिकवण्याचे काम त्याच्याच हाती सोपवावे, आणि दर महिन्याला त्याने मागच्या बाकावर बसून ऐकावे.